भांडायचं तर माझ्याशी

भट्टीवाली बाजारच्या गावाला वकिलाकडे जाऊन आली ही बातमी ती घरी पोचायच्या आधी घरी पोचली होती. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, देव जाणे. बसमधून उतरून ती मातीच्या रस्त्यानं घराकडे वळली तेव्हा सून दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. लग्न होऊन आल्यापासून सासूसाठी दारात पाणी घेऊन उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ.

"दमलात ना?" सून म्हणाली.

"बसमध्ये बसून कुणी दमतं का?"

तिनं पाणी घेतलं, चूळ भरली, उरलेलं पायांवर ओतलं आणि घरात न शिरता तशीच मागच्या बाजूला, खळ्याकडे निघून गेली.

घरामागची सपाट, चोपून घट्ट केलेली मोकळी जागा म्हणजे खळं. तिथं कच्च्या विटा वाळत पडलेल्या असत. खळ्याच्या पलीकडे भट्टी, आणि भट्टीपासून नदीपर्यंत मातीची जमीन. त्या जमिनीतली माती खणायची, भिजवायची, तुडवायची, साच्यात घालून विटा पाडायच्या, वाळवायच्या, रचायच्या आणि भाजायच्या. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, आता ही भट्टी थंड पडणार. पुढच्या हंगामात तीच माणसं तिच्याकडे विटा मागायला आली. तेव्हापासून तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती भट्टीवाली झाली. आता नावानं हाक मारील असं कुणी गावात उरलंही नव्हतं.

खळ्यावर लेक एकटीच विटा उलटत होती. ओणवी होऊन एकेक वीट उचलायची, खालची ओली बाजू वर करायची, पुढं सरकायचं. लेक सासरहून परत आली त्याला बरीच वर्षं झाली होती. का आली हे तिनं एकदाच सांगितलं, आईनं एकदाच ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात साचा दिला. तेव्हापासून खळ्यावरची पहिली वीट तिची आणि शेवटचीही तिचीच.

"काही नाही वाळत," लेक म्हणाली. मान वर केली नाही. "वरून वाळल्यासारखी दिसते, आत नुसता शिरा."

त्या वर्षी आभाळानं वैरच धरलं होतं. पावसाचे दिवस नव्हते, पण ढग हटत नव्हते. ऊन पडलंच तर आजाऱ्यासारखं पडायचं. मध्येच चार थेंब यायचे की सगळ्यांनी हातातलं टाकून ताडपत्र्या घेऊन धावायचं. कच्ची वीट म्हणजे काय, मातीच ती. चांगली सर आली की वितळून पुन्हा चिखल. भट्टी रचायची वेळ टळत चालली होती आणि विटांची गिऱ्हाइकं रोज फाटकाशी येऊन मान हलवून परत जात होती.

भट्टीवालीनं चपला काढल्या आणि लेकीच्या शेजारच्या ओळीला ओणवी झाली. दोन विटा उलटल्या आणि तिला खोकला आला. छातीच्या तळातून येणारा, वाळू चाळल्यासारखा. थंडीत ती दवाखान्यात पडून होती ती याच खोकल्यापायी. तिच्या मुलानं, थोरल्यानं, तिला ट्रॉलीत गादी टाकून नेलं होतं, रोज दोन वेळा डबा पोचवला होता. डॉक्टर म्हणाले होते, धूर बंद करा. ती हसली होती. धूर बंद केला तर खायचं काय?

पण तिथं पडल्यापडल्या तिनं ठरवलं होतं की आपल्या मागं काय कुणाचं, ते आता लिहून टाकायचं.

आणि टाकलं होतं. भट्टी, खळं आणि नदीकाठची मातीची जमीन लेकीला. राहतं घर, ट्रॅक्टर, ट्रॉली आणि खळ्याच्या वरच्या अंगाचा मळा थोरल्याला. वकिलानं वाचून दाखवलं, तिनं सही केली. कागद त्याच्याच कपाटात ठेवला.

"एक सांगतो," वकील म्हणाला होता, "यातलं कुणाजवळ बोलू नका. आधी सांगितलं की घराचं रणांगण होतं. तुम्ही आहात तोवर सगळे गोड राहतील."

तिला ते पटलं होतं. भट्टी काय किंवा माणूस काय, आत काय शिजतंय ते बाहेरून दिसू नये, असं तिचं जुनं मत.

गोडवा मात्र जरा जास्तच झाला. सकाळी चहा आयता खाटेपाशी येऊ लागला. सून तिच्या पायाला तेल लावायला बसू लागली, आणि तेल लावता लावता, सहज बोलल्यासारखं, "तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला कळलं म्हणजे आम्हीपण निवांत," असं म्हणू लागली.

"माझ्या मनात आत्ता एवढंच आहे, की तू टाच सोडून नडगीला तेल लावते आहेस."

एके दुपारी भट्टीवाली आपली पेटी उघडायला गेली तर कपड्यांच्या घड्या बदललेल्या. तिची घडी तिहेरी, ही दुहेरी. नवऱ्याचा जुना कोट खालून वर आलेला आणि त्याचे खिसे उलटे. ती पेटीपुढं बसली. चोरीचा राग येतो. हा राग नव्हता. आपण अजून श्वास घेतोय आणि आपल्या पेटीची झडती झाली, याची लाज वाटत होती. लाज झडती घेणाऱ्याला वाटायची सोडून हिलाच. तिनं एकेक कपडा काढला, पुन्हा तिहेरी घातला, खिसे आत लोटले. आणि संध्याकाळी जेवताना सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पेटीत काही नाही. वकिलाकडे आहे. उगाच वाकून कंबर दुखवून घेऊ नका."

सुनेचा घास हातातच राहिला. थोरला ताटात बघत म्हणाला, "कोण वाकतंय?"

"मी कुठं नाव घेतलं?"

पण खरा चटका त्यानंतर बसला. गोदाम बांधायला जागा शोधत फिरणारा एक माणूस थोरल्याबरोबर मातीच्या जमिनीत उभा होता. थोरला हातातल्या काठीनं हद्द दाखवत होता. भट्टीवाली चिखल तुडवत होती, गुडघ्यापर्यंत पाय मातीत, आणि वारा त्यांच्याकडून तिच्याकडे होता.

"जागा झकास आहे," तो माणूस म्हणत होता. "मग अडतं कुठं?"

"आई आहे तोवर काही नाही," थोरला म्हणाला. सरळ म्हणाला. वाईट मनानं नाही. अजून आंबा पिकला नाही, इतक्या साध्या आवाजात.

तिनं पाय थांबवले नाहीत. चिखल पचपच वाजत राहिला. आहे तोवर. मनात म्हणाली, आहे बाबा, अजून आहे. आणि आपण लिहिलं ते बरोबरच लिहिलं, असं तिला त्या दिवशी पक्कं वाटलं. थोरल्याला भट्टी म्हणजे जागा. लेकीला भट्टी म्हणजे भट्टी.

तिचा भाऊ आला तो असाच, सहज. दुसऱ्या गावाहून सहज कुणी येत नाही, पण तो आला. पांढरे कपडे, खिशाला पेन. खळ्यावर बसायला खुर्ची मागवली आणि ताडपत्री ओढणाऱ्या बहिणीला म्हणाला, "घरात एक तरी शहाणा माणूस असा लागतो ज्याला सगळं ठाऊक असतं. उद्या काही झालं तर कुणी तरी मध्ये पडायला नको का?"

"मध्ये पडायला पुष्कळ जण आहेत. ताडपत्रीचं ते टोक धर."

"मी थट्टा करत नाहीये."

"मी पण नाही. धर, वारा सुटलाय."

भावानं टोक धरलं, पांढऱ्या बाहीला चिखल लागला. तो जरा रागानंच म्हणाला, "मी तुझा सख्खा भाऊ. मला सांगायला काय हरकत?"

"तुला त्यातलं काही मिळणार नाही, आणि तुझं त्यात काही जाणारही नाही. मग तुला कशाला ओझं?"

"म्हातारपणी माणूस असंच संशयी होतं."

"होतं. आणि काही माणसं तरुणपणापासून चौकस असतात."

तो चहाही न घेता गेला. जाताना थोरल्याला फाटकापाशी बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि त्यानंतर थोरला आईकडे थोडा निरखून बघू लागला. ती एखादं भांडं विसरली, की त्याच्या भुवया वर. एकदा चुलीवरचं दूध उतू गेलं तर म्हणाला, "आई, तुझं लक्ष नसतं हल्ली." दूध सुनेनं ठेवलेलं होतं.

हे सगळं असंच गोडीगुलाबीत आणि कुजबुजीत चालू राहिलं असतं, आणि कागद वकिलाच्या कपाटात पडून राहिला असता. पण मध्येच सुतार गेला.

सुतार तिच्या नवऱ्याचा दोस्त. विटांचे सगळे साचे त्याच्या हातचे. ती त्याच्या घरी पोचली तेव्हा त्याला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, अंगावर पांढरी चादर. लोक भिंतीला टेकून बसले होते. सुताराला दोन मुलं. दोघंही परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा येणारी. सुतारकामाचा कारखाना पुतण्या सांभाळत होता. बायका हळू आवाजात बोलत होत्या तेवढ्यात मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. सुतारानं कारखाना पुतण्याच्या नावावर करून ठेवला होता, आणि ते त्याच सकाळी बाहेर आलं होतं.

धाकटा मुलगा पुतण्याच्या छातीला हात लावून त्याला मागं ढकलत होता. लोकांनी सोडवलं. पण भट्टीवालीला धाकट्याचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष मोठ्यावर होतं. मोठा ओरडला नाही. तो आत आला, बापाच्या पायांशी बसला, चादरीवरून त्याचे पाय धरले आणि म्हणाला, "बाबा, माझं काय चुकलं?"

त्यानं पाय आणखी घट्ट धरले.

"सांगा ना. काय चुकलं माझं? एकदा तरी बोलायचं होतं."

तो पाय हलवत होता. झोपलेल्याला उठवावं तसा. पन्नाशीचा बाप्या, केस पिकलेले, आणि आवाज शाळकरी पोराचा. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण उत्तर कोण देणार? ज्याच्याजवळ उत्तर होतं तो तोंड मिटून पडला होता. कदाचित सुताराकडे चांगलं कारण असेल. कदाचित मुलाला ते पटलंही असतं. नसतं पटलं तर त्यानं बापाला दोन शिव्या तरी घातल्या असत्या, बापानं चार परत केल्या असत्या.

भट्टीवाली तिथून निघाली ती आडरस्त्यानं, नदीच्या काठानं. वाटेत एका दगडावर बसली. खोकला आला, तो संपेपर्यंत बसून राहिली. वकील म्हणाला होता, तुम्ही आहात तोवर सगळे गोड राहतील. आणि नंतर? नंतर थोरला असाच तिच्या पायाशी बसेल, किंवा बसणारही नाही. बहिणीच्या छातीला हात लावून तिला ढकलेल. लेक काय उत्तर देणार? तिला तरी कुठं ठाऊक असणार आईनं का केलं ते? आपण केलेल्या गोष्टीचा मार लेकीनं खायचा, आणि आपण चादरीखाली मजेत.

हे काही खरं नाही, ती मोठ्यानं म्हणाली. आसपास कुणी नव्हतं.

पण मग सांगायचं तर कुणाला? लेकीला आधी सांगावं, असं कुणीही म्हणेल. तिला मिळणार, ती खूश होईल, आईचे पाय चेपेल. ते सोपं होतं, म्हणूनच तिला ते पटेना. ज्याला मिळणार त्याला उद्या कळलं तरी चालतं. ज्याला मिळणार नाही, प्रश्न त्याला पडणार. त्यालाच आधी सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. बऱ्याच दिवसांनी खरं ऊन. सगळे कामाला लागले. लेक नदीकडे माती भरायला गेली, सून घरात होती. खळ्यावर विटा कडेवर उभ्या करायचं काम थोरल्याकडे आणि आईकडे आलं. थोरल्याचा डावा पाय जरा ओढत चालायचा. विशीत असताना भट्टी कोसळून त्याच्यावर विटा पडल्या होत्या. दोघं समोरासमोर ओणवे होते.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "ऐकताना वीट हातातून टाकू नकोस, फुटेल."

त्यानं वर पाहिलं.

"भट्टी, खळं आणि मातीची जमीन मी तुझ्या बहिणीच्या नावावर केली आहे. घर, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि वरचा मळा तुझ्या नावावर. माझ्या मागं. तसं लिहून झालं आहे."

थोरल्यानं हातातली वीट हळूच खाली ठेवली. ओळीत बरोबर ठेवली. मग उभा राहिला.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"वकिलाला आणि तुला."

"तिला?"

"नाही."

"खोटं."

"तुझ्याशी खोटं बोलायचं असतं तर गप्प बसले असते. तेच सोपं होतं."

त्याचा चेहरा भाजल्या विटेसारखा झाला. "मी काय केलं नाही या भट्टीसाठी? हा पाय बघ. हा पाय कुठं गेला? दवाखान्यात तुला कोणी नेलं? रात्रंदिवस ट्रॉली ओढतोय. आणि तिला? नवऱ्यानं टाकली म्हणून भट्टी?"

"तिला कुणी टाकलं नाही. तिनं टाकलं."

"एकच ते!"

"एकच नाही. आणि तू पाय दिलास, ते मला ठाऊक आहे. पण त्या गोदामवाल्याला काठीनं हद्द दाखवत होतास ना, त्या दिवशी तू काय म्हणालास ते मी ऐकलं. माझे डोळे मिटले की तू ही माती विकणार. खरं की नाही?"

थोरल्यानं हातावरची माती झटकली. मग म्हणाला, "विकली तर काय झालं? किती वर्षं चिखलात लोळायचं? छाती बघ स्वतःची."

"बरोबर आहे. तुला नको आहे, तिला हवी आहे."

"मला नको असं मी कधी म्हटलं? मला माझं हवं आहे!"

"मग भांड. मी आहे. पटवून दे. पटलं तर बदलीन. नाही पटलं तर नाही बदलणार. पण भांडायचं तर माझ्याशी भांड. तिच्याशी नाही. माझ्या मागं नाही. आत्ता."

"मला तुझ्याशी बोलायचंच नाही," तो म्हणाला, आणि पाय ओढत निघून गेला. थोड्या वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला आणि फाटकाबाहेर विरून गेला.

तो त्या दिवशी अंधार पडेपर्यंत परतला नाही. रात्री बायकोला घेऊन जाईल की काय, अशी भट्टीवालीला धास्ती होती, गेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कामाला आला नाही. ट्रॅक्टर घरापुढं उभा, किल्ली त्याच्या खिशात. आणि ऊन पडायला लागलं होतं, विटा वाळत होत्या, भट्टी रचायची हीच वेळ. ट्रॉली नाही तर विटा खळ्यावरून भट्टीपर्यंत न्यायच्या कशा? डोक्यावर. मायलेकींनी घमेल्यात विटा भरून डोक्यावरून वाहायला सुरुवात केली. फाटकाशी थांबलेल्या गिऱ्हाइकांनी ते पाहिलं आणि गावभर सांगितलं. सून खिडकीतून बघत होती. चहा येणं अर्थातच बंद झालं होतं. भट्टीवालीला त्याचं बरंच वाटलं. फुकटच्या चहाला एक कडवट चव असते.

"दादाला काय झालंय?" लेकीनं विचारलं. मान घमेल्याखाली ताठ.

"मी सांगितलं त्याला. भट्टी तुला दिली आहे, ते."

लेक थांबली. घमेलं डोक्यावरून उतरवलं. आईला वाटलं, आता ही रडेल. लेक रडली नाही, भडकली.

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं?"

"हवी का म्हणून! दादा आता माझं तोंड बघणार नाही. वहिनी मला पाण्यात पाहणार. तू निघून जाशील, आणि मी इथं या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत बसू? तुम्ही सगळे माझं ठरवता. तिकडे सासू ठरवायची, इकडे तू."

भट्टीवालीला हे अपेक्षित नव्हतं. ती विटांच्या ढिगावर बसली. श्वास पुरत नव्हता. मग म्हणाली, "चुकलंच ते. आता विचारते. हवी का?"

लेक भट्टीकडे बघत होती. अर्धी रचलेली, खालच्या थरात जळणाची तोंडं उघडी. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत माती बसलेली. ती धुतली तरी निघत नव्हती.

"हवी," ती म्हणाली. "पण दादाच्या जिवावर नको."

"ते त्याचं आणि माझं चाललंय. तू घमेलं उचल."

थोरला आला तो तिसऱ्या की चौथ्या सकाळी. भट्टीवाली थर रचत होती. तो भट्टीच्या पायाशी येऊन उभा राहिला आणि सुरुवातच केली, "मला सांग, घराला किंमत किती आणि भट्टीला किती? याला वाटणी म्हणतात?"

"घर तुझ्या बायकोमुलांचं छप्पर आहे. भट्टी चालली नाही तर ती नुसती राख आहे."

"चालणार नाही. ती एकटी चालवणार? गिऱ्हाइकं कोण सांभाळणार?"

"मी चालवली तेव्हा तुझं वय काय होतं? मातीत खेळत होतास."

"तुझी गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

तो उत्तर शोधत असताना लेकीनं खालून वीट वर केली. ती आईच्या हाती पोचत नव्हती. थोरल्यानं मधल्या मध्ये ती घेतली आणि आईला दिली, आणि बोलणं चालू ठेवलं. मग दुसरी. बोलता बोलता त्यानं सदरा काढला. तो दुपारपर्यंत भांडला आणि दुपारपर्यंत विटा दिल्या. खळ्यावर मायलेकींबरोबर जेवायला बसताना आपण काम केलं हे त्याच्या लक्षात आलं तसा तो उठला आणि घरी जाऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज नवा मुद्दा. रात्रभर अंथरुणात जमवून आणल्यासारखा. त्याचा पाय, दवाखाना, लोक काय म्हणतील, बापाला काय वाटलं असतं. ती एकेकाला उत्तर देत गेली. काही वेळा उत्तर नसायचं, तेव्हा सरळ म्हणायची, "यावर माझ्याजवळ काही नाही. हे तुझं खरं आहे." ते ऐकलं की तो जास्तच चिडायचा, कारण खरं म्हणूनही ती बदलत नव्हती. एकदा भाऊ मध्ये आला, भाच्याची बाजू घ्यायला. म्हणाला, "हिचं डोकं ठिकाणावर नाही, डॉक्टरचा कागद आणू." तेव्हा थोरलाच त्याच्यावर उसळला, "मामा, तुम्ही यात पडू नका. हिचं डोकं ठिकाणावर नसतं तर मी कधीच जिंकलो असतो."

आणि मग एके सकाळी तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "वरचा मळा मला दिलास. त्या मळ्यात मी जाणार कुठून?"

"खळ्यातून. नेहमीसारखा."

"खळं तर हिचं. उद्या हिनं नाही म्हटलं तर? किंवा हिच्या मागं ज्याचं होईल त्यानं? मी ट्रॉली काय उडवत नेऊ?"

भट्टीवालीनं हातातली वीट खाली ठेवली. मळ्याला दुसरीकडून वाट नव्हती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला परक्याचं कुंपण. आयुष्यभर ती खळ्यातून मळ्यात गेली होती आणि खळं एकाचं, मळा दुसऱ्याचा होईल तेव्हा मधल्या वाटेचं काय, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वकिलाच्याही नाही.

"मी कशाला नाही म्हणेन?" लेक खालून म्हणाली.

"आज नाही म्हणणार," थोरला म्हणाला. तो बहिणीशी कितीतरी दिवसांनी बोलत होता. "पण कागदावर नको?"

"हवं," भट्टीवाली म्हणाली. "हे तू बरोबर बोललास. चला."

"कुठं?"

"वकिलाकडे. दोघंही."

तिघं तसेच निघाले, ट्रॅक्टरवर, अंगावर मातीचे कपडे. थोरला चालवत होता, मायलेकी मागं ट्रॉलीत उभ्या. वकिलानं तिघांना एकत्र दारात बघून कपाळाला हात लावला.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही सांगितलं होतं, बोलू नका. मी बोलले. आता त्यात वाट घाला. खळ्याच्या कडेनं, ट्रॉली जाईल एवढी, कायमची, याच्या मळ्यासाठी. आणि भट्टीच्या विटा वाहायचं काम याला पहिलं विचारायचं, भाडं ठरवून, असंही लिहा."

"मी असं काही मागितलं नाही," थोरला म्हणाला.

"तुला विचारून देत नाही. तू तिला फुकट मदत केलीस की वर्षभरात तुमचं बिनसेल. भाडं ठरलेलं असावं."

वकील लिहीत होता. लिहिता लिहिता म्हणाला, "आणि बाकीचं तसंच?"

भट्टीवालीनं थोरल्याकडे पाहिलं. थोरला खिडकीबाहेर बघत होता. जबडा घट्ट.

"बाकीचं तसंच," ती म्हणाली.

ते परतले तेव्हा सून दारातच होती. नवऱ्यानं तिला घडलं ते सांगितलं असणार, कारण संध्याकाळी ती आली आणि सासूसमोर चहाचा पेला जरा आपटूनच ठेवला. म्हणाली, "मला हे पटलेलं नाही, सांगून ठेवते."

"तुझा चहा आज पहिल्यांदा प्यावासा वाटतोय," भट्टीवाली म्हणाली आणि प्याली.

भट्टी पेटली त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. थोरल्यानंच जळण आणलं, लेकीनं तोंडाशी आग दिली. धूर सरळ वर गेला, मग वाऱ्यानं खाली दाबला आणि खळ्यावर पसरला. भट्टीवालीला सगळ्यांनी लांब जा म्हटलं. ती लांब गेली नाही. भट्टी पहिली आग कशी घेते ते तिला बघायचं होतं. त्याची किंमत तिनं मोजली. ताप भरला, छाती शिट्टी वाजवू लागली, आणि ती खाटेला लागली. डॉक्टर घरी येऊन गेले, औषध दिलं, जाताना थोरल्याला दाराबाहेर नेऊन काही बोलले.

तिला ते ऐकायची गरज नव्हती. ती छताकडे बघत पडली होती. डोकं हलकं होतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, लिहायचं ते लिहून झालं होतं. आता डोळे मिटले तरी हरकत नाही, असा एक विचार आला; ऊबदार होता, पांघरुणासारखा. ती त्याच्यात शिरू लागली होती.

दारात पाय ओढल्याचा आवाज आला. थोरला आत आला. खाटेपाशी उभा राहिला. डोळे लाल, धुरानं किंवा कशानं.

"झोपलीस?"

"हं."

"झोपू नकोस. मी रात्रभर विचार केला. घराची भिंत, ती पूर्वेकडची, खचलेली. ती बांधायला विटा लागणार. त्या भट्टीतून मला फुकट मिळायला हव्यात. तू त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस."

तिनं डोळे उघडले. "फुकट? का म्हणून फुकट?"

"भिंत तुझ्या काळात खचली."

"तुझ्या काळात खचली. पाण्याचं पिंप भिंतीला लावून कुणी ठेवलं?"

"ते पिंप तू ठेवायला सांगितलंस!"

"मी सांगितलं?" तिनं कोपर टेकलं. खोकला आला, तो थांबेपर्यंत त्यानं तिच्या पाठीला हात लावून धरला, आणि थांबल्यावर काढून घेतला.

"मी सांगितलं असं तुला कोण म्हणालं?"

"मला आठवतंय ना."

"तुला काडीचं आठवत नाही. मी म्हटलं होतं, खांबाशी ठेव."

"मग उठ," थोरला म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "उठ आणि दाखव कुठं म्हटलं होतंस ते. माझं बोलून झालेलं नाही अजून."

भट्टीवालीनं पाय खाटेखाली सोडले आणि चपला चाचपल्या. "फुकट एक वीट मिळणार नाही," ती म्हणाली. "चल, भिंत दाखव."